साइडकार बसवून घेताय? रंगाखालचे जोड आधी बघा

जुन्या मोटारसायकलला साइडकार बसवून घ्यायचा विचार असेल, तर पैसे देण्याआधी हे वाचा. माझ्या बाबतीत साइडकार विकणारा आणि बसवून देणारा एकच माणूस होता. त्याने पूर्ण रक्कम घेतली आणि बदल्यात जे दिलं, त्यात कुणाला बसवणं म्हणजे त्याच्या जिवाशी खेळ होता. तक्रार केली आहे, ती चालू आहे, म्हणून नाव लिहीत नाही. फसवण्याची पद्धत मात्र तपशिलात लिहितो, कारण तीच पद्धत उद्या दुसऱ्या कुणावरही वापरता येईल.

गाडी माझी कास्ट आयर्न इंजिनाची बुलेट ३५०, चार गिअरची, गिअर उजव्या पायाला. आईचे गुडघे धरल्यापासून तिला मागच्या सीटवर पाय टाकून बसता येईना, आणि गाडीवरून फिरायची हौस तर तिला माझ्याइतकीच. साइडकार हवी होती ती तिच्यासाठी. त्यामुळे दिसण्यापेक्षा मजबुतीबद्दल मी जास्त विचारलं होतं, आणि उत्तरं लेखी घेतली होती. ती लेखी उत्तरंच आज तक्रारीत कामाला येतायत.

पहिली थाप बॉडीबद्दलची. त्याचं म्हणणं, ही खरी स्टाइब आहे, एस ५०१. स्टाइब हा जर्मनीतल्या न्यूरेंबर्गचा कारखाना. बीएमडब्ल्यूच्या नावाने विकल्या गेलेल्या साइडकारही स्टाइबकडून बनून येत. पुढे निमुळती होत गेलेली ती होडीच्या आकाराची बॉडी इतकी गाजली की तिच्या नकला आजही बनतात. नक्कल घेण्यात काही वाईट नाही, चांगल्या फायबरच्या बॉडीला तर गंजाची भीतीही नाही. पण नक्कल म्हणून विकावी आणि नकलेची किंमत घ्यावी. जुन्या स्टाइबची बॉडी पत्र्याची, म्हणून मी लोहचुंबकाचा विषय काढला. त्याने लगेच खिशातून चुंबक काढला आणि स्वतःच्या हाताने नाकावर, कडेच्या पट्टीवर, पाठीवर टेकवून दाखवला. तिन्ही ठिकाणी चिकटला. नंतर बॉडी आतून तपासली तेव्हा त्याच तीन जागी फायबरच्या थरांमध्ये पत्र्याचे तुकडे घातलेले सापडले. चुंबक आपला असावा आणि आपल्या मनाला येईल तिथे फिरवावा. सीटची गादी काढून आतून हात फिरवला तर फायबरचा खरखरीतपणा बोटांना लगेच कळतो.

दुसरी खूण बाजूची. जर्मनीत वाहतूक उजवीकडून, त्यामुळे तिथल्या साइडकार मुख्यतः गाडीच्या उजव्या अंगाला जोडायच्या. चाक, मडगार्ड, जोडणीचे दांडे, सगळं त्या बाजूला धरून बनवलेलं. जिथे वाहतूक डावीकडून चालते तिथे साइडकार डावीकडे लागते, आणि उजवीची डावी नुसती उलटी करून होत नाही. कुणी तुम्हाला खास डावीकडची जुनी जर्मन साइडकार दाखवली, तर तसली मुळीच नसते असं मी म्हणत नाही, पण तिची कागदपत्रं मागा. माझ्या साइडकारवर कंपनीची प्लेट होती. ती काढली तर खाली कोरा रंग आणि नुकतीच पाडलेली भोकं.

हे झालं पैशाचं नुकसान. त्याचा राग आहेच, पण मला खरं सांगायचंय ते जोडणीबद्दल.

साइडकार गाडीला सहसा चार ठिकाणी धरलेली असते. खालचे दोन जोड मुख्य भार घेतात, वरचे दोन दांडे गाडी किती उभी राहील ते ठरवतात. बीएसए एम २१ सारख्या जुन्या ब्रिटिश गाड्या साइडकार ओढायच्या म्हणूनच ओळखल्या जायच्या. बुलेटची गोष्ट वेगळी. तिच्या फ्रेमला समोर एकच नळी, ती खाली इंजिनाशी येऊन थांबते, आणि इंजिनाखाली फ्रेमच नाही. इंजिन स्वतःच फ्रेमचा भाग. म्हणून बुलेटला खालून वेगळी सबफ्रेम, म्हणजे जोडांसाठीची जास्तीची चौकट, करावी लागते आणि खालचे जोड तिच्यावर घ्यावे लागतात. हे मी त्याला विचारलं होतं. ‘सबफ्रेम देतो, चार जोड देतो’ हे त्याने लिहूनही दिलं. गाडी हातात आली तेव्हा खालचा सगळा भाग जाड काळ्या रंगाने लिंपलेला होता आणि जोडांवर रबरी टोप्या चढवलेल्या. ‘पाणी जाऊ नये म्हणून’, असं त्याने सांगितलं.

आता फसवणुकीचा गाभा. साइडकार लावलेली गाडी पहिल्यांदा चालवणाऱ्याला ती विचित्रच वाटते, आणि हा माणूस त्या विचित्रपणाच्या आड लपला. डावीकडे साइडकार असेल तर अॅक्सिलरेटर पिळला की गाडी डावीकडे ओढते, कारण तिकडचं वजन मागे रेंगाळतं. साइडकारच्या चाकाला ब्रेक नसेल तर ब्रेक मारल्यावर तीच गाडी उजवीकडे जाते. डाव्या वळणावर रिकामी साइडकार उचलली जाऊ शकते, म्हणून नवखे लोक आत वाळूची पोती ठेवून शिकतात. उजव्या वळणावर सगळा भार साइडकारच्या नाकावर जातो आणि गाडीचं मागचं चाक हलकं होतं. गाडी कलत नाही, हँडल दोन्ही हातांनी वळवावं लागतं. हे सगळं खरं आहे आणि सवयीने जमतं. त्यामुळे मी कुठलीही तक्रार केली की उत्तर ठरलेलं: ‘तुम्हाला दोन चाकांची सवय आहे, महिनाभर चालवा, हात बसेल.’

तर सवयीचा दोष कुठला आणि जोडणीचा कुठला, हे ओळखता आलं पाहिजे. सपाट रस्त्यावर, एकाच वेगात, ना अॅक्सिलरेटर ना ब्रेक, अशा वेळी गाडी सतत एकीकडे जोरात ओढत असेल तर तो सवयीचा प्रश्न नाही. थोडीशी ओढ चालते, रस्त्याच्या उताराने कमीजास्तही होते, पण खांदा भरून येईल इतकी नको. अगदी हळू वेगात हँडल थोडं लटपटलं तर स्टीअरिंग डॅम्पर (हँडलची लटपट दाबणारा भाग) घट्ट करून बघता येतं. वेग वाढवला की लटपट वाढत गेली तर गाडी उभी करा. आणि सगळ्यात महत्त्वाचं: खड्ड्यातून गेल्यावर गाडीची ओढ आधीपेक्षा बदलली, तर काहीतरी सरकलंय. हात बसण्याशी त्याचा संबंध नाही. माझ्या गाडीचं हेच होत होतं. सकाळी निघताना एक ओढ, खराब रस्ता ओलांडल्यावर दुसरी.

त्याने बिलासोबत अलाइनमेंटचा छापील कागद दिला होता. त्यावर टो-इन (साइडकारचं चाक पुढे गाडीकडे किती वळलंय) २० मिमी, लीन-आउट (गाडी साइडकारपासून बाहेर किती झुकलीय) २ अंश, असे व्यवस्थित आकडे. आकडे पुस्तकी दृष्टीने बरोबरच होते, साधारण १२ ते २५ मिमी टो-इन आणि अंश-दोन अंश लीन-आउट ठेवतात. फक्त ते माझ्या गाडीचे नव्हते. मोजायला महाग यंत्र लागत नाही. सपाट फरशी, दोन सरळ लांब अॅल्युमिनियमच्या नळ्या, टेप आणि गवंड्याचा ओळंबा, बस. एक नळी गाडीच्या दोन्ही चाकांना टेकवून जमिनीलगत ठेवायची, दुसरी साइडकारच्या चाकाला. मग दोन नळ्यांमधलं अंतर पुढच्या चाकाच्या पुढे मोजायचं आणि मागच्या चाकाच्या मागेही. पुढचं अंतर मागच्यापेक्षा कमी हवं, म्हणजे साइडकारचं चाक किंचित गाडीकडे वळलेलं. माझ्याकडे पुढचं अंतर जास्त भरलं. चाक बाहेर बघत होतं आणि गाडीला सतत डावीकडे खेचत होतं. टायरवरून तळहात फिरवला तर एका दिशेने गुळगुळीत, उलट फिरवला की कडा बोचायच्या. टायर घासत चालल्याची ती खूण. स्वार बसलेला असताना गाडी साइडकारपासून किंचित बाहेर झुकलेली हवी. माझी आत झुकत होती. साइडकारच्या चाकाचा आस मागच्या चाकाच्या आसापेक्षा पुढे हवा, अशा जोडणीत साधारण १५ ते २५ सेंमी. ओळंबा सोडून तेही बघितलं, दोन्ही आस जवळजवळ एका रेषेत होते. हे अंतर, म्हणजे लीड, इतकं कमी असलं की उजव्या वळणावर गाडी साइडकारच्या नाकावरून कोलमडण्याचा धोका वाढतो. आणि त्या साइडकारमध्ये माझी आई बसली होती. हे लिहितानाही हात थरथरतो.

मग दुसऱ्या एका जाणत्या मेकॅनिककडे गाडी नेली आणि समोर उभं राहून रबरी टोप्या काढायला लावल्या. पुढच्या नळीवरचा क्लॅम्प उघडला तेव्हा आतून रबराची पट्टी बाहेर आली. क्लॅम्पचं भोक नळीपेक्षा मोठं होतं, उरलेल्या फटीत सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळून नट आवळले होते. रबरावर लोखंड पकड घेत नाही, प्रत्येक धक्क्याला क्लॅम्प थोडा फिरत होता. खड्ड्यानंतर ओढ का बदलायची ते तिथे कळलं. वरून इतकं आवळलं होतं की फ्रेमची नळी एका बाजूने दबून अंडाकृती झाली होती. सबफ्रेम नव्हतीच. इंजिनाच्या माउंटिंगच्या बोल्टवर एक पट्टी अडकवली होती, तीच ‘सबफ्रेम’. वरचा मागचा दांडा कॅरिअरच्या पट्टीला धरलेला. आय-बोल्ट (टोकाला कडी असलेले बोल्ट) म्हणून जे लावले होते ते बाजारात मिळणाऱ्या आटेवाल्या बारचे तुकडे, टोकाला कडी वेल्ड केलेली, आणि एकावर वेल्डिंगच्या कडेला तडा. चांगल्या बोल्टच्या डोक्यावर ८.८ किंवा १०.९ असा ग्रेड कोरलेला असतो, इथल्या एकाही बोल्टवर काही नव्हतं.

चॅसिसचा रंग खरवडला तर खाली जस्त. म्हणजे पाण्याच्या लाइनीचा गॅल्व्हनाइज्ड पाइप. जस्त घासून न काढता वेल्डिंग केलं की जोडात बुडबुडे राहतात आणि तो आतून पोकळ होतो. वरून पुट्टी आणि रंग, त्यामुळे दिसायला टाका सुबक.

बिलात आणखी दोन कामं होती. ट्रेल (हँडलच्या आसाची रेषा जमिनीला जिथे भिडते तिथपासून पुढचं चाक टेकतं तिथपर्यंतचं अंतर) कमी करण्यासाठी फोर्कमध्ये बदल, आणि पुढचं स्प्रॉकेट लहान करणं. दोन्ही कामं साइडकारसाठी खरोखर उपयोगाची. ट्रेल कमी झाली की हँडल हलकं होतं. १९५५ पासूनच्या बीएमडब्ल्यूच्या अर्ल्स फोर्कमध्ये (पुढचं चाक झुलत्या दांड्यावर धरणारा फोर्क) तर एकट्या गाडीसाठी आणि साइडकारसाठी अशा दोन वेगळ्या जागाच दिलेल्या होत्या. माझ्या गाडीत फोर्कचे योक (फोर्क फ्रेमशी जोडणारे तुकडे) मूळचेच निघाले, रंगवलेले. स्प्रॉकेटचे दात मोजले, आधी होते तितकेच.

त्याला फोटो पाठवले तर आधी ‘वापरून सैल झालं असेल’, मग ‘दुसऱ्याने उघडलं, आता गॅरंटी नाही’, आणि शेवटी फोन उचलणंच बंद. त्याच्या दुसऱ्या वाक्याला उत्तर देता आलं ते एवढ्याचसाठी, की टोप्या काढण्यापासून प्रत्येक जोड उघडतानाचं सलग चित्रीकरण आम्ही केलं होतं. तुमच्यावर अशी वेळ आली तर दोष सापडायच्या आधीपासून कॅमेरा चालू ठेवा.

आता नवं काम दुसऱ्याकडून करून घेतोय. या वेळी अटी लिहून दिल्यात आणि त्याने विनातक्रार मान्य केल्या. जोड रंगवायच्या आधी मला उघडे दाखवायचे. क्लॅम्प फ्रेमच्या नळीच्या मापाने लेथवर बोअर करून घ्यायचे. टो-इन, लीन-आउट आणि लीड माझ्यासमोर, मी सीटवर बसलेलो असताना मोजायची. रकमेचा मोठा हिस्सा त्या मोजमापानंतर, आणि थोडी चालवून पुन्हा मोजल्यावर उरलेला. साइडकारही हलकी निवडली आहे. रिकामी साइडकार गाडीच्या वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास असावी असा जाणकारांचा ढोबळ हिशोब असतो, आणि साडेतीनशे सीसीच्या गाडीला त्याहून जड ओढायला लावू नये असं मलाही वाटतं. चांगल्या कारागिराला या अटींत अपमान वाटत नाही. जो ‘विश्वास नाही का’ म्हणून चिडतो, त्याच्याकडून उठून या. नोंदणी आणि विम्याच्या नियमांप्रमाणे साइडकारची नोंद करायची असेल तीही काम सुरू व्हायच्या आधी विचारून घ्या.

एक शेवटचं आणि तातडीचं. तडजोडीच्या बोलण्यात तो बॉडी आणि चॅसिस परत घेऊन गेला, पैसे मात्र अजून दिलेले नाहीत. म्हणजे तीच साइडकार नव्या रंगात पुन्हा विकायला येऊ शकते. ओळखायच्या खुणा अशा: गादीखाली डाव्या कोपऱ्यात तळहाताएवढा फायबरचा ठिगळ आहे, प्लेटच्या जागी खालच्या ओळीत एक भोक जास्तीचं आहे, आणि चॅसिसच्या मागच्या आडव्या पाइपावर, मडगार्डच्या आतल्या बाजूला, आम्ही रंग खरवडलेला पट्टा आहे. तो पुन्हा रंगवला असेल, पण नखाने उकरलं तरी खालचं जस्त दिसेल. अशी साइडकार कुणी दाखवली तर घेऊ नका, फोटो काढून मला कळवा. तक्रारीला जोडायचे आहेत.