काटक्यांवरची रॉकेट चूल: दोन पावसाळ्यांचा अनुभव

मातीच्या चुलीचा धूर आईला सोसेना आणि सिलिंडर महिनाभर पुरेना, म्हणून आम्ही बिनपंख्याची, एका तोंडाची रॉकेट चूल घेतली. 1980 च्या दशकात अमेरिकेतील लॅरी विनियार्स्की यांनी मांडलेल्या या रचनेत लाकूड आडव्या तोंडातून सरकवतात आणि उष्णता धरून ठेवणाऱ्या उभ्या नळीत धुराचा बराचसा भाग जळून जातो. मात्र त्यासाठी काटक्या खडखडीत वाळलेल्या आणि अंगठ्याएवढ्याच जाड हव्यात. भात व आमटी झटपट होते, फुंकणी लागत नाही.

भाकरीचे मात्र वेगळे आहे. मातीच्या चुलीत निखारे पुढे ओढून त्यांना टेकवलेली भाकरी टम्म फुगते. येथे ती थेट जाळावर धरावी लागते आणि पापुद्र्याला काजळी लागते. शिवाय वैल, म्हणजे चुलीला जोडलेले बाजूचे तोंड, नसल्याने कालवण ऊन राहत नाही.

विकत घेताना नळीचा पत्रा जाड आहे का, हे आधी पाहावे. आमच्या चुलीची लाकडे ठेवायची जाळी दुसऱ्या पावसाळ्यात गंजून सुटली. धुराडे नसल्यामुळे आम्ही चूल पडवीतच पेटवतो.