जर्मनीहून टेबल टेनिसची रबरं: वर्षभर ड्युटी भरल्यानंतर

गेलं वर्षभर बॅटची दोन्ही रबरं मी थेट जर्मनीतल्या ऑनलाइन दुकानांतून मागवतोय. कोथरूडच्या आमच्या हॉलमध्ये सगळ्यांचा प्रश्न एकच, "हातात येईपर्यंत पडतं कितीला?" रबर खेळतं कसं, हे कुणीही विचारत नाही. तेव्हा खेळाबद्दल चार वाक्यं आणि बाकी सगळं पैशांबद्दल.

फोरहँडला डिग्निक्स ०५, बॅकहँडला टेनर्जी. दोन्ही झकास. आठवड्यातून तीन-चार संध्याकाळी खेळलात तर काही महिन्यांत पकड सुटायला लागते, म्हणजे हा खर्च एकदा करून संपत नाही. पावसाळ्यात दमट हॉलमध्ये बॉल सटकतो, पण तो दोष रबराचा नाही, पुण्याच्या जुलैचा.

आता किंमत. साइटवर दिसणाऱ्या आकड्यात जर्मनीचा १९ टक्के व्हॅट धरलेला असतो. पत्ता भारतातला टाकला की बरीच दुकानं तो वजा करतात. ७९ युरोचं रबर सुमारे ६६ युरोंवर येतं. इथेच माणूस हुरळतो आणि कार्ड काढतो. कार्डाची बँक परकीय चलनाचा आपला कट घेते, त्या कटावर १८ टक्के जीएसटी वेगळा. ही रक्कम छोटी असते, पण हिशेबात धरायची राहून जाते.

कस्टमची खरी गंमत अशी की ड्युटी नुसत्या मालावर लागत नाही. माल, वाहतूक आणि विमा या तिन्हींच्या बेरजेवर लागते, आणि युरोचा भाव कस्टमने जाहीर केलेला धरतात, गुगलवरचा नाही. वैयक्तिक वापरासाठी मागवलेल्या वस्तूंचं शीर्षक, म्हणजे कस्टमच्या दरपत्रकातला वर्गक्रमांक, ९८०४. त्यावर काही वर्षं मूळ ड्युटी ३५ टक्के होती, त्या ड्युटीवर १० टक्के समाजकल्याण अधिभार, आणि या सगळ्याच्या बेरजेवर २८ टक्के आयजीएसटी, म्हणजे आयातीवरचा जीएसटी. एकूण ७७.२८ टक्के. दहा हजारांचा माल आणि दोन हजार वाहतूक-विमा धरा, त्या दराने भरणा ९,२७४ रुपये. म्हणजे मालाच्या किमतीच्या जवळजवळ ९३ टक्के! जुने खेळाडू अजून हाच आकडा सांगून नव्यांना घाबरवतात. पण २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचा २८ टक्क्यांचा टप्पाच गेला, आणि २०२६-२७च्या अर्थसंकल्पात वैयक्तिक आयातीची मूळ ड्युटी, जी मधल्या काळात ३५ वरून २० झाली होती, ती १० टक्क्यांवर आणली. त्यामुळे ऑर्डर देण्याआधी त्या दिवशीचा दर बघायचा, मित्राचं गेल्या वर्षीचं बिल नाही.

अजून एक. खेळाच्या साहित्याचं स्वतःचं शीर्षक आहे, ९५०६, आणि त्यात टेबल टेनिसला ९५०६.४० असा वेगळा क्रमांक. व्यायामाची साधनं सोडली तर खेळाच्या साहित्यावरचा जीएसटी त्याच सप्टेंबरात १२ वरून ५ टक्क्यांवर आला. माझं एक पार्सल ९८०४ मध्ये गेलं, दुसरं ९५०६ मध्ये. रबरं तीच, टक्केवारी निराळी. म्हणून बिल ऑफ एंट्रीची, म्हणजे कस्टमकडे दाखल होणाऱ्या आयातीच्या कागदाची, प्रत मागून घ्यायचीच. कुरिअरवाले आपणहून देत नाहीत, मागितली की मेलवर येते.

आणि खरा चिमटा ड्युटीचा नाहीच, फीचा आहे. कुरिअर कंपनी आपल्या वतीने ड्युटी आधी भरते आणि त्याबद्दल आकार लावते, त्यावर पुन्हा जीएसटी. ड्युटी टक्क्यांत असते, पण या आकाराची किमान रक्कम ठरलेली असते. एकच रबर मागवलं तर ही फी इतकी बोचते की इथल्या डीलरकडून घेतलेलं बरं. तो वर ब्लेडला, म्हणजे बॅटच्या लाकडाला, चिकटवूनही देतो. चार-पाच रबरं एकत्र आली की तीच फी विभागली जाते आणि मग फरक जाणवतो.

लगेच सगळ्या हॉलची ऑर्डर एका नावावर टाकू नका. वैयक्तिक वापराला आयात-निर्यात कोड लागत नाही, पण डझनभर एकसारखी रबरं पाहून कुठलाही अधिकारी ती स्वतःपुरती मानणार नाही. आम्ही दोघं-तिघं मिळून मागवतो, त्यापुढे जात नाही.

पोस्टाने मागवलं तर फी कमी, ड्युटी दारात पोस्टमनकडे भरायची, पण पार्सल मुंबईच्या विदेशी पोस्टात अडकलं की ट्रॅकिंग मुकं होतं. स्पर्धा तोंडावर असेल तर कुरिअर, नाहीतर पोस्ट, असं माझं चालतं. कुरिअरला केवायसीचे कागद आधीच देऊन ठेवा, नाहीतर माल थांबतो आणि साठवणुकीचं भाडं चढतं.

काही विक्रेते "गिफ्ट लिहू का?" असं गोड आवाजात विचारतात. ठाम नको म्हणायचं. डिसेंबर २०१९ पासून भेट म्हणून ड्युटी न भरता पोस्टाने किंवा कुरिअरने माल आणायला बंदी आहे, सुटका फक्त राखीला आणि जीवरक्षक औषधांना. टेनर्जी या दोन्हींत बसत नाही, आमच्यातल्या काहींना तसं वाटत असलं तरी.

गोंद इथेच घ्या, बाटलीत द्रव दिसला की चौकशा वाढतात. आणि शूज तर बाहेरून मुळीच मागवू नका. साइझ चुकली तर परतीचं भाडं आपलं, आणि भरलेली ड्युटी परत मिळवायची तर अर्ज-विनंत्यांत रबराचा पुढचा जोड झिजून जाईल.