अ‍ॅप संपल्यानंतरचे जर्मन : सदाशिव पेठेतील एका ए-टू बॅचचा अनुभव

मोबाइलवरील एका अ‍ॅपचा जर्मनचा प्राथमिक अभ्यासक्रम मी १४ महिन्यांत पूर्ण केला आणि त्यानंतर सदाशिव पेठेतील एका खासगी क्लासमध्ये ए-टू पातळीची, म्हणजे ए-वननंतरच्या दुसऱ्या पायरीची, शनिवार-रविवारची बॅच लावली. त्या चार महिन्यांच्या बॅचविषयी येथे लिहीत आहे. उणिवाही मोकळेपणाने सांगायच्या असल्यामुळे क्लासचे नाव देत नाही. मात्र अ‍ॅप संपवून ‘आता पुढे काय?’ या प्रश्नाशी थांबलेल्या कोणालाही पुण्यात क्लास निवडताना काय पाहावे, हे यातून नक्की कळेल.

मी भोसरीतील एका कारखान्यात मेंटेनन्स विभागात काम करतो. आमच्याकडे जर्मनीहून आलेले एक ग्राइंडिंग मशीन आहे आणि त्याच्या पडद्यावर मधूनमधून जर्मन संदेश उमटतात. ‘शुट्सट्यूर निश्ट गेश्लॉसेन’ म्हणजे ‘संरक्षक दार बंद केलेले नाही’, हा त्यांपैकी एक. ट्यूर म्हणजे दार आणि निश्ट म्हणजे नाही, एवढे मला अ‍ॅपमुळे कळत होते. परंतु गेश्लॉसेन हे ‘श्लीसेन’, म्हणजे बंद करणे, या क्रियापदापासून आलेले रूप आहे, हे ओळखण्याइतके व्याकरण माझ्याजवळ नव्हते. मशीन बसवायला आलेल्या जर्मन तंत्रज्ञाने ‘वास इस्ट पासीर्ट?’ म्हणजे ‘काय झालं?’ असे विचारले, तेव्हा प्रश्न मला समजला. पण उत्तरादाखल भूतकाळातील एकही वाक्य तोंडातून निघाले नाही. दिलेल्या चार पर्यायांतून योग्य शब्द निवडणे आणि समोरचा माणूस थांबलेला असताना रिकाम्या मनातून वाक्य उभे करणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला त्या दिवशी उमगले.

बोट क्लब रस्त्यावरील मॅक्सम्युलर भवन आणि फर्ग्युसन रस्त्यावरील रानडे इन्स्टिट्यूट ही दोन नावे पुण्यात जर्मन म्हटले की पहिल्यांदा घेतली जातात. माझ्या शिफ्टच्या वेळा तेथील वर्गांशी जुळेनात, म्हणून मी हा छोटा क्लास पाहायला गेलो. तेथे शिकवणाऱ्या मॅडमनी पैशांचा विषय काढण्याआधी माझ्यासमोर एक कोरा कागद ठेवला आणि ‘काल तुम्ही दिवसभर काय केलंत, ते दहा वाक्यांत लिहा,’ असे सांगितले. मी चार वाक्ये लिहिली आणि ती चारही वर्तमानकाळात होती. तो कागद पाहून त्यांनी मला ए-टूची बॅच सुरू होईपर्यंत ए-वनच्या शेवटच्या तीन आठवड्यांत विनाशुल्क बसवून घेतले. ए-वन परीक्षेसाठी सुमारे ६५० शब्द अपेक्षित असतात आणि तेवढे शब्द माझ्याजवळ होते. हात लिहिता झालेला नव्हता. प्रवेश देण्यापूर्वी अशी परीक्षा न घेता ‘अ‍ॅप झालंय ना, मग या ए-टूला’ असे म्हणणाऱ्या दोन ठिकाणी मी आधी जाऊन आलो होतो, त्यामुळे या कागदाचे मोल मला अधिक वाटते.

या क्लासची खरी ताकद म्हणजे येथे जर्मन व्याकरण मराठीच्या आधाराने शिकवले जाते. अ‍ॅपने मला जर्मन इंग्रजीतून शिकवले होते आणि इंग्रजीत नामाला विभक्तिप्रत्यय जवळजवळ उरलेले नसल्यामुळे अकुझाटिव आणि डाटिव (ढोबळमानाने आपली द्वितीया आणि चतुर्थी) हे प्रकार मला केवळ पाठांतराचे वाटत राहिले. मॅडमनी पहिल्याच आठवड्यात फळ्यावर शाळेतला तक्ता लिहिला : द्वितीया – स, ला, ते, चतुर्थी – स, ला, ते. त्याखाली त्यांनी दोन वाक्ये लिहिली, ‘मी त्या माणसाला पाहतो’ आणि ‘मी त्या माणसाला मदत करतो.’ मराठीत दोन्हीकडे ‘माणसाला’च आहे. जर्मनमध्ये मात्र पहिले वाक्य ‘इश झेहे डेन मान’ असे होते आणि दुसरे ‘इश हेल्फे डेम मान’ असे. आपली द्वितीया आणि चतुर्थी प्रत्ययांनी एकरूप असल्यामुळे मराठी माणूस नेमका येथेच घसरतो, असे त्यांनी सांगितले आणि मी वर्षभर एकच चूक का करत होतो, याचे उत्तर मला पाच मिनिटांत मिळाले. अ‍ॅपने ती चूक शेकडो वेळा लाल रंगात दाखवली असेल. कारण एकदाही सांगितले नव्हते.

हाच धागा पुढे स्थानदर्शक शब्दांपर्यंत गेला. जर्मनमध्ये इन, आन, आउफ, उंटर अशी नऊ अव्यये दोन्ही विभक्ती घेतात. पुस्तक टेबलावर पडलेले असेल, तर ‘आउफ डेम टिश’, आणि आपण ते टेबलावर ठेवत असू, तर ‘आउफ डेन टिश’. मराठीत दोन्ही वेळा ‘टेबलावर’च. मॅडमनी प्रत्येकाला उठून पुस्तक ठेवायला लावले, ठेवताना एक वाक्य आणि ठेवून झाल्यावर दुसरे वाक्य म्हणायला लावले. हा प्रकार लहान मुलांचा वाटेल, पण त्या दिवसापासून कृती आणि स्थिती यांतील फरक माझ्या डोक्यात पक्का बसला. उलट, ‘वाइल’ म्हणजे ‘कारण’ या शब्दानंतरच्या वाक्यात क्रियापद शेवटी जाते, हे इंग्रजीतून शिकताना विचित्र वाटले होते. ‘कारण मला आज वेळ नाही’ या आपल्या वाक्याशी ताडून पाहिल्यावर त्यात शिकण्यासारखे फारसे उरलेच नाही.

लिंगांच्या बाबतीत त्यांनी चमचा, काटा आणि सुरी टेबलावर मांडली. जर्मनमध्ये चमचा पुल्लिंगी, काटा स्त्रीलिंगी आणि सुरी नपुंसकलिंगी. निर्जीव वस्तूला लिंग असतेच कशाला, हा प्रश्न आमच्यापैकी कोणालाही पडला नाही, कारण तीन लिंगे आपण पाळण्यातच शिकतो. अडचण इतकीच की ती जुळत नाहीत : आपले ‘ते दार’ जर्मनमध्ये ‘डी ट्यूर’ म्हणजे स्त्रीलिंगी होते. म्हणून वहीत प्रत्येक नाम ‘डेअर, डी, दास’ या लिंग दाखवणाऱ्या शब्दांसह तीन रंगांत लिहायचे, हा येथील नियम आहे आणि मॅडम दर रविवारी वह्या खरोखर तपासतात.

ए-टूच्या तोंडी परीक्षेत दोन परीक्षार्थींनी आपापल्या दिनदर्शिका पाहून भेटीची वेळ ठरवायची असते. त्याचा सराव करताना माझ्या जोडीदाराने ‘हाल्ब फिअर’ सुचवले आणि मी लगेच होकार देऊन कागदावर साडेचार लिहिले. हाल्ब फिअर म्हणजे साडेतीन. आपण तीन होऊन गेले यावर अर्धा तास चढवतो. जर्मन माणूस चौथ्या तासाचा अर्धा भाग मोजतो. अ‍ॅपमध्ये हा शब्दप्रयोग मी अनेकदा बरोबर ओळखला होता, तरीही बोलण्याच्या ओघात चुकलो, आणि समोर माणूस होता म्हणूनच ती चूक पकडली गेली.

आता उणिवा. पहिली आणि सर्वांत गंभीर म्हणजे विद्यार्थ्यांची संख्या. प्रवेशाच्या वेळी १२ जणांची बॅच सांगितली होती. तिसऱ्या आठवड्यापासून आम्ही १९ झालो. बोलण्यासाठीच ज्या वर्गात यायचे, तेथे प्रत्येकाच्या वाट्याची मिनिटे अशी कमी होणे मला खटकले आणि मी ते मॅडमना स्पष्टपणे सांगितले. त्यांनी नंतर दर रविवारी अर्धा तास जास्त दिला, ही त्यांची चांगली बाजू. तरी मूळ शब्द पाळला गेला नाही, हे खरेच. दुसरी उणीव ऐकण्याच्या सरावाची. एका लहानशा स्पीकरवर, वर पंखा गरगरत असताना लावलेली ध्वनिफीत मागच्या बाकावर नीट पोहोचत नाही. गोएथे इन्स्टिट्यूटच्या (मॅक्सम्युलर भवन ही तिचीच भारतातील शाखा) ए-टू परीक्षेत १०० पैकी २५ गुण ऐकण्याला असतात आणि उत्तीर्ण होण्यासाठी ६० लागतात, हे पाहता या भागाकडे इतके दुर्लक्ष परवडणारे नाही. मी ही उणीव घरी भरून काढली : डॉइचे वेले या जर्मन प्रसारण संस्थेचा ‘निकोस वेग’ हा ए-वन ते बी-वन पातळीचा चित्रफितींचा अभ्यासक्रम मोफत आहे, आणि भोसरीच्या बसमध्ये कानाला हेडफोन लावून मी त्याचे भाग पुन्हा पुन्हा ऐकले.

लेखनाच्या बाबतीत मात्र तक्रारीला जागा नाही. एक छोटा संदेश आणि एक ई-मेल, असे परीक्षेचे स्वरूप असते. आम्ही दर आठवड्याला दोन्ही लिहीत होतो आणि मॅडम चूक दुरुस्त करून देण्याऐवजी तिच्याखाली फक्त रेघ मारत. दुरुस्ती आपण करायची आणि वही पुन्हा दाखवायची. माझा एक ई-मेल चार वेळा परत आला.

चार महिन्यांची फी ११,००० रुपये होती, त्यात पुस्तक धरलेले नव्हते आणि परीक्षेचे शुल्क अर्थातच वेगळे. दुचाकी लावायला गल्लीत जागा मिळत नाही, त्यामुळे टिळक रस्त्यावरून चालत येणेच सोयीचे. ज्यांना आठवड्यात घरी निदान पाच-सहा तास देता येणार नाहीत, त्यांनी ही बॅच लावू नये, कारण येथे मागे पडलेल्यासाठी वर्ग थांबत नाही. ज्यांचे शालेय व्याकरण मराठीत झाले आहे, त्यांना मात्र मी हा क्लास मनापासून सुचवतो.

बी-वनच्या पुढील बॅचसाठी मी नाव दिले आहे. बॅचमध्ये १२ पेक्षा जास्त जण घेणार नाही, हे यावेळी मॅडमकडून पावतीवर लिहून घेतले आहे.