एपिफनीनंतरच्या उपदेशांसाठी रिव्हाइज्ड कॉमन लेक्शनरी: साथ चांगली, पण कात्री कुठे लागली ते पाहा

१९९२ ची रिव्हाइज्ड कॉमन लेक्शनरी, म्हणजे रविवारनिहाय बायबल-पाठांचा तीन वर्षांचा क्रम, बरेच उपदेशक आयती यादी म्हणून वापरतात. रविवार शोधायचा, शुभवर्तमानाचा पाठ काढायचा आणि लिहायला बसायचं. एपिफनी (६ जानेवारी, येशूच्या प्रकट होण्याचा सण) ते राखेचा बुधवार (ईस्टरआधीच्या उपवासकाळाचा पहिला दिवस) या काळात एवढ्यावर भागत नाही.

आधी कॅलेंडर घ्या. ईस्टर लवकर की उशिरा, यावर या काळातले रविवार कमीजास्त होतात. पहिला प्रभूच्या बाप्तिस्म्याचा आणि शेवटचा रूपांतराचा (डोंगरावर येशूचं रूप पालटतं तो प्रसंग), हे दोन पक्के. गळतात ते रूपांतराच्या आधीचे. म्हणून मोजणी राखेच्या बुधवारापासून मागे करावी.

२०२७ चंच बघा. ईस्टर २८ मार्चला, त्यामुळे रूपांतराचा रविवार ७ फेब्रुवारीलाच येतो. तीन वर्षांच्या क्रमातलं वर्ष 'ब', म्हणजे मार्कचं शुभवर्तमान ('अ' मत्तयचं, 'क' लूकचं). ३१ जानेवारीला मार्क १:२१-२८, कफर्णहूमच्या सभास्थानातला अशुद्ध आत्मा लागलेला माणूस. त्यापुढचा १:२९-३९ हा पाठ त्या वर्षी वाचलाच जाणार नाही. खरं तर मार्क इथे एकच शब्बाथ सांगतोय: सभास्थानातून थेट सिमोनाच्या घरी, तापाने पडलेली सासू, आणि सूर्य मावळल्यावर, शब्बाथ संपताच, दारापुढे लोटलेलं अख्खं गाव. अर्ध्यावर थांबलं की अधिकाराने बोलणारा येशू दिसतो, हात धरून उठवणारा दिसत नाही. हे नुकसान मोठं आहे. ३१ तारखेचं वाचन ३४ व्या वचनापर्यंत न्या. जेमतेम १४ वचनं होतात.

वर्ष 'क' मधला नासरेथचा प्रसंग (येशू सभास्थानात यशयाची गुंडाळी वाचतो आणि शेवटी लोक त्याला कड्यावरून ढकलायला नेतात) लेक्शनरीने दोन रविवारांत वाटलाय, लूक ४:१४-२१ आणि ४:२१-३०. ही विभागणी मला फार आवडते, पण बहुधा पहिल्याच आठवड्यात कड्यापर्यंतची सगळी गोष्ट सांगून टाकली जाते आणि दुसऱ्या आठवड्याला हाती काही उरत नाही. पहिल्या रविवारी गुंडाळीपाशीच थांबा. सोबत नहेम्या ८ आहे, तिथेही लोकांसमोर शास्त्र वाचलं जातं. जोडी छान जमते. दुसऱ्या रविवारी नीट दाखवा की लोक चिडतात ते २८ व्या वचनात. २२ व्या वचनात तर ते त्याची वाहवा करत असतात. मध्ये येतात सारफथची विधवा आणि सूरियाचा नामान, दोघंही परके. उपदेशाचं मर्म तिथे आहे.

त्याच वर्षी बाप्तिस्म्याच्या पाठातून लूक ३:१८-२० वगळलंय. हेरोद योहानाला तुरुंगात टाकतो, ती ही वचनं. ती परत जोडा. नाहीतर लूकने कैदेची बातमी येशूच्या बाप्तिस्म्याआधीच का दिली, हा प्रश्न कुणाला पडणारच नाही.

पत्राचा पाठ मात्र शुभवर्तमानाशी ओढूनताणून जोडू नका. या काळात पहिलं वाचन शुभवर्तमानाला धरून निवडलेलं असतं (वर्ष 'अ' च्या तिसऱ्या रविवारी यशया ९ आणि ते उद्धृत करणारा मत्तय ४), पण करिंथकरांस पत्र आपल्या क्रमाने चाललेलं असतं. दोन्ही एका उपदेशात कोंबले की दोन अर्धवट उपदेश तयार होतात.

टीकाग्रंथ (बायबलवरची भाष्यं) शोधताना एक लक्षात ठेवा: कॅथलिक वाचनक्रमात रूपांतराचा पाठ उपवासकाळाच्या दुसऱ्या रविवारी येतो, त्यामुळे त्यावरचं कॅथलिक साहित्य एपिफनीच्या विभागात सापडणार नाही.