‘स्पीड खुला केलेला’ केबल मोडेम घेण्याआधी

ज्या पुणेकरांच्या घरी इंटरनेट अजून टीव्हीसारख्या कोॲक्स केबलवरून येतं, त्यांना ही थाप हमखास मारली जाते: हा जुना मोडेम लावा, ५० एमबीपीएसच्या पैशांत १५० मिळवा. दुकानात टेस्ट करूनही दाखवतात. ती टेस्ट दुकानाच्या मोठ्या प्लॅनवर असते, तुमच्या लाइनवर नाही.

मोडेम सुरू झाला की आयपी पत्ता घेतो आणि इंटरनेट कंपनीकडून कॉन्फिगरेशन फाइल, म्हणजे सेटिंगची फाइल, उतरवतो. स्पीडची मर्यादा त्या फाइलमध्ये असते. छेडछाड केलेला मोडेम तिच्याऐवजी दुसरीच फाइल पुढे करतो. फाइलवर गुप्त चावीची सही असते, त्यामुळे आकडे बदलले की कंपनीकडचं सीएमटीएस यंत्र (भागातले सगळे मोडेम ज्याला जोडलेले असतात ते) नोंदणीच नाकारतं आणि ऑनलाइनचा दिवा लुकलुकत राहतो. कंपनीचीच मोठ्या प्लॅनची फाइल उचलली तर सही जुळते. म्हणून काही ठिकाणी चार दिवस चालतं आणि गिऱ्हाईक खूश होतं. पण सिस्को बनावटीच्या सीएमटीएसमध्ये प्रत्येक मोडेमसाठी एकदाच चालणारी चावी तयार करण्याची सोय आहे. ती चुकली की मोडेम ‘लॉक’ करता येतो: स्पीड १० केबीपीएस, आणि मोडेम २४ तास बंद राहिल्याशिवाय सुटका नाही. अशा वेळी विकणारा ‘लाइन खराब आहे’ म्हणून हात वर करतो.

त्याहून वाईट म्हणजे दुसऱ्या ग्राहकाचा मॅक पत्ता, म्हणजे मोडेमचा ओळख क्रमांक, घातलेला मोडेम. खरा मोडेम त्याच सीएमटीएसवर आला की दोघांची कनेक्शनं तुटत राहतात. आपल्याच गावातला कुणी पैसे भरूनही नेटविना बसतो, याचा खरा संताप येतो. दुसऱ्या भागातल्या ग्राहकाचा मॅक पत्ता घातला तरी एकच मॅक दोन ठिकाणी दिसला की कंपनी तो बंद करू शकते. वर माहिती तंत्रज्ञान कायदा २००० आहेच: कलम ४३(एच) आणि ६६, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. मोडेम तुमच्या घरात सापडतो, विकणाऱ्याच्या नाही.

जुना मोडेम घ्यायचाच असेल तर तो लॅपटॉपला जोडून १९२.१६८.१००.१ उघडा. तिथला मॅक पत्ता खालच्या स्टिकरशी अक्षर न् अक्षर जुळवा. स्टिकर खरवडलेला किंवा केसचे स्क्रू उघडलेले दिसले तर परत द्या. मग तोच मॅक कंपनीला कळवून विचारा: हा आधी कुणाच्या नावावर आहे का, बंद केलेला आहे का? पैसे देण्याआधी.

पैसे गेलेच असतील तर मोडेम लाइनला लावू नका, यूपीआयची पावती आणि चॅट जपून ठेवा आणि त्याच दिवशी सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन करा.