टर्मिनेटर उघडला तर आत काहीच नाही

खानापूर तालुक्यातल्या एका गावात यात्रेचं नाटक होतं, लाइट माझ्याकडं. दुसऱ्या अंकात आईच्या मरणाचा प्रवेश, रंगमंचावर एकाच पारचा (एका जागी बसणाऱ्या साध्या लाइटचा) उजेड ठेवलेला. अचानक वरचे चारही मूव्हिंग हेड (फिरत्या डोक्याचे लाइट) गरागरा फिरायला लागले, झोत थेट प्रेक्षकांच्या डोळ्यांत. लाइट चालवायच्या बोर्डाला माझा हातही लागला नव्हता. गावच्या पोरांनी दोन महिने तालीम केली होती, तो प्रवेश गेला तो गेलाच.

बोर्डाकडून लाइटांना हुकूम आकड्यांत जातात, त्या पद्धतीला डीएमएक्स म्हणतात. त्याची वायर मी आठ दिवस आधी बेळगावात घेतली होती. 'डीएमएक्स, १२० ओहम' असा छापा मारलेले १०० मीटरचे दोन रोल, तीन पिन ते पाच पिन अडॅप्टर सहा, टर्मिनेटर (लाइनीच्या शेवटी लावायची टोपी) दोन. दुकान जुन्या ओळखीचं, म्हणून एस्टिमेटच्या चिठ्ठीवरच माल उचलला. रंगीत तालमीला दोन पार लागले नाहीत, तेव्हा लाइट बिघडलेत असं समजून बाजूला ठेवले. तिथंच थांबून तपासायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी घरी सगळं उघडलं. न लागलेल्या त्या दोन पारच्या अडॅप्टरमध्ये २ आणि ३ नंबरच्या पिना उलट्या जोडलेल्या. तार ब्लेडनं खरवडली तर वर तांबूस, आत पांढरी. अॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा! (कथील चढवलेलं चांगलं तांबं वरून पांढरं दिसतं, पण खरवडल्यावर लाल निघतं. यात गल्लत करू नका.) मग एका टोकाला दोन्ही तारा जोडून दुसऱ्या टोकाला मीटर लावला. २४ गेजच्या अस्सल तांब्याला १०० मीटरच्या रोलमध्ये जाऊन-येऊन १७ ओहमच्या आसपास यायला पाहिजे. इथं तीसच्या वर.

सगळ्यात जास्त चीड आली ती टर्मिनेटरची. लाइनीतल्या शेवटच्या लाइटला २ आणि ३ पिनांमध्ये १२० ओहमचा रेझिस्टर बसवायचा, म्हणजे सिग्नल टोकाला आपटून परत फिरत नाही. परत फिरला की आकडे बिघडू शकतात, आणि डीएमएक्समध्ये चुकीचा आकडा ओळखायची सोय नाही. आला तो आकडा खरा मानून लाइट हलतो. माझ्या टर्मिनेटरचा स्क्रू काढला, आत काहीच नव्हतं. नुसती टोपी. किरकोळ किमतीचा एक रेझिस्टरसुद्धा त्यांनी टाकला नव्हता.

दुकानात गेलो. "कापलेला माल परत घेत नाही. सोल्डरिंग तुमचंच कच्चं असेल," एवढंच उत्तर. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनला फोन लावला, तर तिथं पहिल्यांदा बिलच विचारलं. माझ्याकडं चिठ्ठी.

आता जीएसटीचं पक्कं बिल, त्यावर 'शुद्ध तांबं' असं लिहून, घेतल्याशिवाय मी पैसे देत नाही. काउंटरवरच टर्मिनेटरला मीटर लावतो. १२० दाखवलं तरच खिशात हात.

गेल्या आठवड्यात निपाणीच्या एका पोराकडं त्याच छाप्याचा रोल बघितला. गणपतीच्या देखाव्यासाठी आणलेला, अजून न कापलेला. त्याला तिथल्या तिथं परत करायला लावला.