एसी टेक्निशियनचं ‘सरकारी लायसन्स’ आणि माझे 58,800 रुपये

आधीच सांगतो, ‘एवढा शिकलेला माणूस फसतोच कसा’ हे मला ऐकवू नका. एसी दुरुस्ती शिकवणाऱ्या एका संस्थेत मी फसलो. बोर्डावर तिरंगा, आत पुढाऱ्यांसोबतचे फोटो, फ्रेममध्ये आयएसओ सर्टिफिकेट. समोरचे ‘सर’ अडाणी नव्हते. एसीतला जुना गॅस आर-22 का बंद होतोय, ओझोन वाचवायचा मॉन्ट्रियल करार काय आहे, सरकारच्या 2019 च्या कूलिंग ॲक्शन प्लॅनमध्ये एक लाख टेक्निशियन तयार करायचं ठरलं होतं, सगळं घडाघडा बोलत होते. आणि ते सगळं खरं आहे! खोटं फक्त शेवटचं वाक्य: “आता लायसन्स नसताना एसीला हात लावलात तर दंड.”

घरगुती एसी दुरुस्तीसाठी असं वेगळं सरकारी लायसन्स आपल्याकडे नाहीच. वायरमनचा परवाना असतो, तो वेगळा. पण हे तेव्हा सांगणार कोण?

नोंदणी 1,500. फी 38,500. टूलकिट 6,800. ‘लायसन्स व आंतरराष्ट्रीय सर्टिफिकेट’ 12,000, आणि हे संस्थेच्या खात्यावर नाही, सरांच्या स्वतःच्या नंबरवर. (वैयक्तिक नंबरवर फी मागितली की तिथूनच मागे फिरा.) आंतरराष्ट्रीय म्हणजे अमेरिकेच्या ईपीएची (तिथली सरकारी पर्यावरण संस्था) 608 परीक्षा. ती परीक्षा खरी आहे, पण अमेरिकेत गॅसचं काम करणाऱ्यांसाठी. ती घेण्याचा अधिकार ईपीएने मान्य केलेल्या संस्थांनाच. आमची ‘परीक्षा’ सरांच्या भाच्याने घेतली.

प्रॅक्टिकलचा तो दिवस आठवला की अजून डोकं फिरतं. एक बंद पडलेला स्प्लिट एसी आणि भोवती आम्ही सगळे. मी विचारलं, लाइनमधली हवा ओढून काढायचा व्हॅक्यूम पंप कुठंय? “दुरुस्तीला गेलाय. थोडा गॅस सोडायचा, हवा आपोआप बाहेर ढकलली जाते. फिल्डवर सगळे असंच करतात.” इथेच उठायला हवं होतं! लाइनमध्ये हवा आणि ओल राहिली तर कॉम्प्रेसरची वाट लागते, एवढं कुठल्याही साध्या व्हिडिओतही सांगतात. त्यात नव्या एसीतला आर-32 गॅस पेट घेऊ शकतो, तो असा खोलीत सोडायचा? पण 38,500 आधीच भरलेले होते, आणि पैसे गुंतले की माणूस स्वतःचीच समजूत काढतो. पंप शेवटपर्यंत दुरुस्तीलाच होता. गळती तपासायचा नायट्रोजनचा सिलिंडर तर दिसलाच नाही. आधी वर्कशॉप बघा, फी नंतर.

सर्टिफिकेटवर परीक्षेच्या आधीची तारीख होती. क्यूआर स्कॅन केला की त्यांचीच वेबसाइट उघडते. सर्व्हिस सेंटरवाल्याने ते हातात घेतलं, हसला आणि विचारलं, “आयटीआयचं आहे का?” रेफ्रिजरेशन-एअर कंडिशनिंगचा आयटीआय ट्रेड दोन वर्षांचा असतो. कमी वेळाचं हवं असेल तर कौशल्य विकास योजनेतलं प्रशिक्षण फुकट असतं. फुकट!

मग तक्रार. पोलीस ठाण्यात ऐकलं, “वर्ग झाले ना? मग फसवणूक कसली? दिवाणी मामला आहे, वकील बघा.” वकील म्हणतो आधी एफआयआर आणा. सायबरवाले म्हणतात तुम्ही स्वतःहून पैसे पाठवलेत. कौशल्य विभागाच्या कार्यालयातल्या साहेबांनी तर कमाल केली: “ही संस्था आमच्याकडे नोंदलेलीच नाही, त्यामुळे आम्ही कारवाई करू शकत नाही.” अहो, नोंदलेली नाही हीच तर माझी तक्रार आहे! अर्ज आवकमध्ये दिला, पोच मागितली तर टेबलावरच्या बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं जणू मीच चोर. पोच घेतल्याशिवाय हलू नका, आणि लेखी नकार मागा. तोंडी ‘नाही’चा कुठेच उपयोग होत नाही.

ग्राहक आयोगात आपण भरलेले पैसे 5 लाखांपर्यंत असतील तर तक्रारीला फी नाही, तिथे जातोय. शिक्षण ही ‘सेवा’ धरायची का यावर तिथेही वाद घालतील म्हणे. घालू देत.

माझ्या बॅचचं कोणी हे वाचत असेल तर एकत्र अर्ज देऊ. पावत्या आणि ग्रुपवरच्या मेसेजचे स्क्रीनशॉट आजच काढून ठेवा, पैसे परत मागणाऱ्यांना ग्रुपमधून काढून टाकायला सुरुवात झालीये.